गिटार दिली, हिशेबाची वही कधी देणार?

संशयी थोमा (इंदिरानगर)

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीत ‘तरुण आणि चर्च’ या विषयावर सभा झाली. पुढच्या बाकांवर पास्टरेट कमिटी (चर्चचा कारभार बघणारी), मागे माजी कमिटी, त्यामागे महिला मंडळ. तरुण म्हणाल तर आम्ही सात जण, त्यातले दोघे साउंड सांभाळायला. दीड तास आमच्याबद्दल बोलून झालं. मोबाइल, संगत, पुण्याच्या नोकऱ्या, सगळं आलं. माइक आमच्याकडे आला तेव्हा मागच्या अंगणात भजी तळायला घेतली होती आणि सेक्रेटरी म्हणाले, “थोडक्यात हं.”

थोडक्यात जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय. चर्चचं नाव सांगत नाही, कुठलंही समजा.

तरुणांना जवळ आणायचं म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्याकडे गिटार आली, ड्रम पॅड आलं, प्रोजेक्टर आला, नाताळात निळे दिवेही आले. तक्रार नाही, मीच वाजवतो. पण वार्षिक सभेत एकदा विचारलं की ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली एवढी मोठी रक्कम आहे, तपशील वाचून दाखवता का? उत्तर मिळालं, “तुझे वडील कधी असं विचारत नव्हते.” खरंच नव्हते विचारत. माझ्या बरोबरीचे चौघे त्यानंतर यायचे थांबले. देवावर रुसून नाही. दोघे पाथर्डी फाट्याकडच्या एका हॉलमधल्या फेलोशिपला जातात, दोघे रविवारी सकाळी सरळ मिसळ खायला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कमिटीत तिशीच्या आतले दोघं तरी घ्या, मतासह. आणि खर्चाचं एक खातं, छोटं का असेना, पूर्ण आमच्या हातात द्या. चुकलो तर वार्षिक सभेत उभं करून विचारा. नुसतं ‘तुम्ही उद्याचं चर्च’ म्हणत राहिलात तर आम्ही उद्याच येऊ.

जुना शरणपूरकर

बाळा, मी तुमच्या त्या ‘माजी कमिटी’तला. तुमच्या चर्चचा नसेन, पण सगळीकडे सारखेच असतो आम्ही. हिशेब विचारलास ते बरोबर केलंस. उत्तर वाईट मिळालं, तेही मान्य.

आता माझं ऐक. आम्ही कबरस्तानातलं गवत काढायचं ठरवलं. ग्रुपवर निरोप टाकला. चौतीस जणांनी अंगठा दाखवला. शनिवारी सकाळी आले पाच, त्यातले चौघे साठीच्या पुढचे. एकाचा गुडघा नुकताच बदललेला, तो खुर्चीवर बसून सूचना देत होता. तुम्हाला मत हवंय. विळा कोण धरणार?

आपल्या नाशिकच्या शरणपूरचा इतिहास माहीत असेल तर आठव. १८५० च्या दशकात सीएमएस या इंग्रज मिशन संस्थेच्या मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे इथल्या शाळेत आली, अक्षरं शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. मिशनरी आणि प्रवासी संशोधक लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेत वारला तेव्हा त्यानं अंत्यविधीचं वाचन केलं, झाडावर नाव-तारीख कोरली. कोरता का आलं? आधी हातात पटाशी दिली होती म्हणून. अधिकार मागून मिळत नाही, कामातून येतो.

संशयी थोमा

काका, गोष्ट अर्धीच सांगितलीत. पुढची मी सांगतो. लिव्हिंग्स्टनबरोबरची मंडळी त्याचं शव तिथेच पुरून घरी जाऊ शकली असती. चुमा, सुसी, वेनराइट आणि बाकीच्यांनी ठरवलं की हे शव लिव्हिंग्स्टनच्या माणसांपर्यंत न्यायचं. काळीज झाडाखाली पुरलं, देह उन्हात सुकवला, सालीत गुंडाळला आणि हजाराहून जास्त मैल चालत किनारा गाठला. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं की इथेच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावून वेनराइट चालत होता.

त्यांना कुठल्या कमिटीचा ठराव मिळाला होता? वय तरी काय होतं वेनराइटचं? पोरगाच होता. आपल्या नाशिकच्या शाळेतल्या पोराचं नाव आपण अभिमानानं घेतो, आणि आजच्या पोरानं ‘दुरुस्ती म्हणजे काय’ विचारलं की त्याचे वडील काढतो.

गवताचं मान्य. मी आलो नसतो, खोटं बोलत नाही.

शिफ्टवाला

सातपूरला कंपनीत आहे. माझी सुट्टी शनिवारी. उपासना रविवारी नऊ वाजता. फर्स्ट शिफ्ट असली की मी सात वाजता मशीनवर, सेकंड असली की रात्री साडेअकराला घरी येऊन झोपलेला. वर्षभरात सात-आठ रविवार मिळत असतील. तरी मला गाठून सांगतात, “तरुण चर्चला येत नाहीत.”

उपासना शनिवारी संध्याकाळी एक ठेवा. गिटारही नको. चहा असला तर बरं.

पेटीवाली मावशी

शनिवारच्या उपासनेला माझा पाठिंबा. थोमाच्या गिटारला मात्र नाही.

मी पेटी वाजवते. मागच्या रविवारी पोरांनी ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं गीत बसवलं होतं. मला आनंद झाला, म्हटलं चला, आठवण तरी आहे. पडद्यावर बघते तर मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत! ‘ळ’ला एल लावलेला, त्यामुळे ‘बाळ’चं ‘बाल’ झालं, ‘सकळ’चं ‘सकल’. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं पाठ होतं म्हणून गात होती आणि मागची पोरं पडदा वाचत होती. दोन्हींचा ताल जुळेना. पोरं इंग्रजी शाळेत जातात हे समजतं. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना देवनागरी शिकवायची की देवनागरीच काढून टाकायची?

टिळकांनी काय केलं होतं ते बघा. मिशनऱ्यांच्या इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली गीतं होती, तिथे त्यांनी अभंग आणला, भजन आणलं. आपल्या माणसाला रडू येईल अशी भाषा आणली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर तर इथलंच, गंगापूरजवळचं जलालपूर. आणि आता आमची पोरं यूट्यूबवरच्या हिंदी-इंग्रजी गाण्यांची नक्कल करतात, हात वर करण्याचीसुद्धा.

संशयी थोमा

मावशी, ‘ळ’चं मी उद्याच दुरुस्त करतो, चूक माझीच आहे. दोन्ही लिप्या टाकू. पण टिळक तुमच्या बाजूचे नाहीत, आमच्या बाजूचे आहेत! १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसंघ काढला. आज कुणी तसं केलं तर त्याला काय म्हणतील, तुम्हीच सांगा.

पेटीवाली मावशी

आगाऊ म्हणतील. तेव्हाही म्हणाले असतील. पण तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती रे. विसाव्या वर्षी नव्हता काढला दरबार.

जेलरोडची सून

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, नाशिक रोडला. मुंबई-वसईहून गाड्या येतात. तेव्हा एरवी मिस्साला (उपासनेला) न दिसणारी पोरं दोन दिवस जॅकेट घालून ट्रॅफिक, पाणी, हरवलेली मुलं, सगळं सांभाळतात. उभ्या उभ्या वडापाव खातात. कुणाला बोलवावं लागत नाही. म्हणून ‘काम दिलं की येतात’ हे शरणपूरकर काकांचं पटतं.

पण यात्रा संपली की जॅकेट परत घेतात आणि विषय संपतो. आमच्यात पॅरिश कौन्सिल असते, पण चर्चच्या कायद्यानुसार तिचं मत फक्त सल्ल्यापुरतं, शेवटचा शब्द फादरांचा. तरुणांवर रोममध्ये २०१८ साली बिशपांचा सिनोड (धर्मसभा) भरला. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी पत्रात लिहिलं की तरुण हे नुसतं भविष्य नाही, ते आत्ताचे आहेत. आता गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, कार्लो अकुटिसला संत केलं. पंधराव्या वर्षी गेलेला, कॉम्प्युटरवर बसणारा मुलगा. त्याचा फोटो आमच्याकडेही लागला. ज्या नोटीस बोर्डावर लागला त्याची किल्ली मात्र एका काकांकडे आहे आणि ते गावाला गेलेत.

आणखी एक. तुमच्या या अख्ख्या चर्चेत मुली कुठे आहेत? थोमाचे ‘दोघं’ म्हणजे दोन मुलगेच ना? आम्ही रांगोळी, कॅरल आणि नाश्ता. दक्षिणेत सीएसआयनं, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियानं, २०१३ साली बाईला बिशप केलं. इथे बाईला वर्षातून एकदा, महिला रविवारी, उपदेश करायला मिळतो आणि खाली उतरल्यावर म्हणतात, “छान बोललीस, साडीपण छान.”

पाळक आहे, नाव नको

बरेच दिवस वाचत होतो. सगळेच ‘नेतृत्वानं हे करावं’ म्हणता, तर माझा एक रविवार ऐका. सकाळी शहरात उपासना. दुपारी पेठ रस्त्याला दोन पाड्यांवर प्रार्थना, स्वतःच्या मोटारसायकलवर. संध्याकाळी एकाचा साखरपुडा. मध्येच दफन आलं तर सगळं पुढे ढकलायचं. सोमवारी चर्चच्या जागेच्या केससाठी वकिलाकडे. सेमिनरीत आम्हाला ग्रीक शिकवलं, हिब्रू शिकवलं. एकोणीस वर्षांची मुलगी समोर बसून “मला प्रार्थना करावीशीच वाटत नाही” म्हणाली तर तोंड कसं बंद ठेवायचं, हे नाही शिकवलं. पहिल्या वेळी मी तिला तीन वचनं सांगितली. ती परत आली नाही. त्यानंतर शिकलो.

थोमाच्या मागणीला माझा विरोध आहे, आणि कारण काकांचं नाही. कमिटी म्हणजे भांडणाची जागा. तिथे बसवलेला चांगला पोरगा दोन वर्षांत एका गटाचा होतो. निवडणुकीच्या आधी त्याच्या घरी पेढे जातात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मला तुम्ही माझ्याबरोबर पाड्यावर यायला हवे आहात, ठरावावर सही करायला नाही.

संशयी थोमा

पाळकसाहेब, मान ठेवून सांगतो. कमिटी घाण आहे म्हणून पोरांनी बाहेर राहावं, तर ती साफ कोण करणार? तुमची तर तीन-चार वर्षांनी बदली होते. आम्ही इथेच असतो, त्याच गटांबरोबर.

पाड्यावर येतो. मत सोडत नाही.

दाखला_नाही

गिटार, कमिटी, ‘ळ’. ठीक आहे. माझा भाऊ बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरत होता. धर्म ख्रिश्चन. जातीच्या रकान्यात काय लिहू म्हणून मला विचारलं. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, गावानं वागवायचं तसंच वागवलं, विहीर वेगळीच राहिली. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले. आम्ही अजून बाहेर. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी ख्रिस्ती भावांना ही अट नाही, कारण जमातीला धर्म लावलेला नाही. आम्हाला फार तर ओबीसीचा दाखला, आणि तोही काढायला आजोबांच्या काळातला कागद लागतो, जो घरात नाही.

चर्चमध्ये वीस वर्षांत एकदाही कुणी यावर बोललेलं ऐकलं नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं या एका कारणानं घरच्यांशी भांडून चर्च सोडलं. त्याला निळे दिवे दाखवून परत आणणार आहात का?

जुना शरणपूरकर

तुझं दुःख खोटं नाही. पण पुलपिट (उपदेशाचं व्यासपीठ) राजकारणासाठी नाही, हे मी मरेपर्यंत म्हणेन. तिथून वचन सांगायचं. एकदा हा विषय काढला की उद्या दुसरा निघेल, परवा निवडणुकीचा उमेदवार उभा राहील तिथे.

दाखला_नाही

काका, गेल्या नाताळात नगरसेवकाला पुढच्या खुर्चीवर बसवून शाल दिली होती ना तुमच्याकडे? आमच्याकडे दिली होती.

जुना शरणपूरकर

दिली होती. मी शाल आणायलाही गेलो होतो.

थोमा, तुझ्या मताच्या अधिकाराला मी विरोधच करणार. पण शनिवारी चार वाजता आमच्याकडे ये. माझ्या कपाटात आमच्या दुरुस्तीची बिलं आहेत, एका कापडी पिशवीत, अकरा वर्षांची. लावून ठेवलेली नाहीत. बघ काय समजतंय ते. येताना विळा आण, गवत परत वाढलंय.

शिफ्टवाला

शनिवारी मला सुट्टी आहे. पण चार वाजता ऊन असतं. पाच म्हणा.

पाळक आहे, नाव नको

दाखला_नाही, पुलपिटवरून काय बोलावं हे मला खरंच अजून ठरवता येत नाही. पण ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात, तिथेच तुमचं अडलेलं दिसतंय. बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं चर्चच्या लोखंडी कपाटात असतात, काही तर त्याच्याही आधीची. वाळवी लागलीय, पण अक्षर वाचता येतं. पणजोबांचं आणि आजोबांचं नाव, गावाचं नाव, साधारण कोणत्या वर्षी बाप्तिस्मा झाला ते मला निरोपात पाठवा. उतारा काढून देतो. तो जोडता येईल का, हे आमच्या मंडळीत एक निवृत्त तलाठी आहेत त्यांना विचारतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठे मिळाला तर तोही बघून ठेवा.