बागेचं तुम्हाला कुणी शिकवलं? (अनुभव धागा)

मोगरा_लातूर: कपाट आवरताना आण्णांची वही सापडली. परभणी आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागला की ते ऐकत ऐकत टिपून घ्यायचे. एका पानावर आहे, "लिंबाला पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली द्यावे. नसता डिंक्या." (डिंक्या म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग.) आता गच्चीतल्या लिंबासाठी मी मोबाइल उघडते तर जितके चॅनल तितके उपाय, आणि खाली खताच्या बाटलीची लिंक. आण्णांना सांगणाऱ्याला आपली काळी माती ठाऊक होती. तुम्हाला कोण सांगितलं? नर्सरीवाला, पेपरची पुरवणी, यूट्यूब? लिहा.

गच्चीवाली_नांदेड: जास्वंदाची पानं पिवळी. सगळे व्हिडिओ म्हणाले एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, टाका. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना फोटो दाखवला, त्यांनी आधी विचारलं, कोवळी पिवळी का जुनी? कोवळी, शिरा हिरव्या. म्हणजे मॅग्नेशियम नाही, लोह कमी. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, त्यात बोअरचं जड पाणी. चिलेटेड लोह फवारलं, नवी पालवी हिरवीगार. हा साधा प्रश्न एकाही व्हिडिओत नव्हता!

ढोकीचा_दाजी: ताई चिलेटेड म्हणजे हिराकसच का?

गच्चीवाली_नांदेड: नाही दाजी, चिलेटेड म्हणजे मातीत लवकर अडकत नाही असं बांधलेलं लोह. हिराकस म्हणजे साधं फेरस सल्फेट. चुनखडीच्या मातीत टाकलं की लवकर वाया जातं. कुकर झाला, येते नंतर.

बीडकर: औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण बघत जा बाबांनो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दुकानदार कापसाचं औषध गच्चीतल्या टमाट्याला देऊ लालेत, अन् लेकरं तेच तोडून खातात. जीव तुटतो बघून. बियाण्याच्या पाकिटावर उगवणीची टक्केवारी आणि मुदत असते, तीही वाचा. जाहिरातीपेक्षा ते बारीक अक्षर कामाचं.

रानजाई: बहिणीनं दम्याच्या लेकरासाठी "हवा शुद्ध करणारी" म्हणून स्नेक प्लांट घेतली. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यावरून सांगतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद चेंबरमधला होता, खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी तसं होत नाही. झाड छान आहे, ठेवा. पण लेकराचा पंप बंद करू नका.

मोगरा_लातूर: अगं बाई, कसा आहे तो आता?

रानजाई: बरा आहे गं. शाळेत जातो.

कुंडी_संभाजीनगर: मला तर शेजारच्या काकूंनीच शिकवलं. पुण्याकडच्या व्हिडिओत मोगरा दिवसभर उन्हात ठेवायला सांगतात, इथं मे महिन्यात ४२ अंशात कुंडीच तापते, मुळं भाजतात. काकू कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, वरून जुनी साडी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात इकडंही भाजी धुतलेलं पाणी तुळशीला जायचं.

उदगीरची_सून: आमच्याकडं तर अंघोळीचंसुद्धा. कुणाकडं गावरान शेवंतीची रोपं आहेत का?

बीडकर: माझ्याकडं आहेत, पाऊस पडू द्या.

ढोकीचा_दाजी: ताई, लोह फवारायचं कधी, सकाळी का?

गच्चीवाली_नांदेड: ऊन उतरल्यावर, दाजी. पानाच्या खालूनही.