आईचे ४ मिस्ड कॉल आणि माझे २७ ग्रुप

उद्यमनगरचा_टर्नर:
मंडळी, एक अडचण आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन). पूर्वी काम द्यायला माणूस स्वतः यायचा, चहा व्हायचा, तेलकट हातांनी ड्रॉइंगचा कागद चौघांत फिरायचा. आता रात्री साडेदहाला पीडीएफ येतं, खाली 'अर्जंट'. निळी टिक दिसली की लगेच 'काय झालं?'

ग्रुप २७. फौंड्रीवाल्यांचा, तालमीचा, पोरीच्या शाळेचे दोन, दहावीच्या बॅचचा (तिथं नुसती गुड मॉर्निंगची फुलं). वैतागून फोन कायमचा सायलेंटवर टाकला. उपयोग शून्य. दर पाच मिनिटांनी काढून बघतोच. खिशात फोन नसतानाही मांडीला थरथरल्यागत होतंय.

गेल्या आठवड्यात पोरगी म्हणाली, "पप्पा, ठेव की तो फोन, मी जिंकत आलो." कॅरम मांडला होता. फोन उलटा करून कपाटावर ठेवला, अर्धा तास. तेवढ्यात गावाकडून आईचे ४ कॉल येऊन गेले. म्हैस व्यायला झाली होती, गोठ्यात पाय घसरून आई पडली, मनगट मोडलं. आणि खरं सांगतो, फोन हातात घेतल्यावर मी आधी व्हॉट्सअ‍ॅपच उघडलं. पार्टीला 'ओके सर' केलं. मिस्ड कॉल दिसले त्यानंतर दहा मिनिटांनी. शेजाऱ्यांनी तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं.

फोन सोडा असं सांगू नका. घर शाहूपुरी कुंभार गल्लीच्या बाजूला आहे. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघितल्याशिवाय झोप लागत नाही. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे २०१९ च्या महापुरानंतर आमच्या पोरांनाही पाठ आहे. मग ग्रुप गप्प आणि आईचा कॉल चालू, असं काही जमतं का?

मोबाइल_मिस्त्री:
सायलेंट काढा, 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. दोन्हींत फरक आहे. सायलेंटमध्ये सगळेच मुके होतात, इथं माणसं निवडता येतात. कॉन्टॅक्टमध्ये आईला आणि शेजाऱ्यांना स्टार करा, मग सेटिंगमध्ये स्टारवाल्यांचे कॉल चालू ठेवा. 'रिपीट कॉलर' पण चालू करा. अँड्रॉइडवर एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. म्हणजे आईचा दुसराच कॉल वाजला असता. साधा कॉल हं, व्हॉट्सअ‍ॅप कॉलचा भरवसा धरू नका. ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. तुमचं नाव घेऊन कुणी विचारलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच कळेल. निळी टिकही बंद करता येते.

गंगावेस_कट्टा:
भावा, 'अर्जंट'वाल्याला एकदा सकाळी साडेनऊला उत्तर देऊन बघ. पहिल्यांदा चिडंल, तिसऱ्या वेळी सवय हुईल. आमी कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेतला की फोन डिकीत. एका हातात ग्लास, दुसऱ्यात फोन म्हंजे मिशीला फेस आणि शर्टावर दूध.

निवृत्त_मास्तर:
सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातलं शहाणपण हे वाटतं की सगळं गाव एकदम बंद करतं. आपण एकट्याने ठेवला की जीव टांगणीला, आपल्यामागे काय चाललंय म्हणून. कोल्हापुरात कोण भोंगा वाजवणार, हा प्रश्न आहेच.

पन्हाळ्याची_लेक:
सेटिंग करा, पण आई नंतर काय म्हणाली ते तुम्ही लिहिलंच नाही. चार कॉलनंतर पाचवा का केला नाही तिने?

उद्यमनगरचा_टर्नर:
ताई, बरोबर पकडलंत. ती म्हणाली, "कामात असशील म्हणून परत केला नाही." तेच लागलंय मनाला. २७ ग्रुपांतल्या एकालाही कधी वाटत नाही, हा कामात असेल म्हणून.

मिस्त्री, तुम्ही सांगितल्यासारखं केलं. आई, शेजारचे काका, पोरगी आणि वर्कशॉपवरचा एक कामगार, एवढ्यांनाच स्टार. २४ ग्रुप अर्काइव्ह. पूरपातळीचा ग्रुप वरच ठेवलाय. 'अर्जंट'वाल्याला काल सकाळी उत्तर दिलं. त्याचा माल अजून फौंड्रीतूनच आला नव्हता! मास्तर, भोंग्याचं घरात काढलं तर बायको म्हणाली, आधी तुम्ही.

काल रात्री चाचणी म्हणून आईला म्हटलं, कर कॉल. वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. प्लास्टरातला हात सावरत ती पलीकडून म्हणते, "लगेच उचललास व्हय रे? आज काम नाही काय?"