आपल्याच प्रोटीनमध्ये अँटिबायोटिक?

बेडूकराव: कॉम्प्युटरने म्हणे माणसाच्या प्रोटीनमधून जंतू मारणारे पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) शोधलेत, पण ते आधीच अंगात आहेत तर आपण आजारी का पडतो?

लॅबवाली: अरे ते मोठ्या प्रोटीनमध्ये अडकलेले असतात, कापून सुटले तरच काम करतात. एलएल-३७ बघ, कॅथेलिसिडिन नावाच्या प्रोटीनच्या टोकाचा ३७ अमिनो आम्लांचा तुकडा.

निवांत: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दे ला फुएन्ते यांच्या टीमने ४२ हजारांवर प्रोटीन चाळले, लांबी, धन प्रभार, पाण्याशी फटकून वागणं यावर मार्क दिले, त्यातून २,६०३ पेप्टाइड निघाले आणि गंमत म्हणजे हे इम्युनिटीशी संबंध नसलेल्या प्रोटीनमधले! ५५ बनवून बघितले, निम्म्याहून जास्त चालले.

बेडूकराव: भारीच. गोळी कधी?

लॅबवाली: उंदरांवर चाललंय फक्त. आणि गोळी पोटात पचूनच जाईल रे, मलम त्यापेक्षा सोपं.