१९९१ ची माझदा एमएक्स-५: घेण्याआधी काय तपासावं?

प्रश्न: इंग्लंडमधली १.६ लिटर इंजिनची, उघडणाऱ्या छताची दोन सीटर गाडी, रंग चकाचक. नेमकं काय बघू?

उत्तर १: रंगाला भुलू नका. मागच्या चाकापुढचा सिल (दाराखालचा पत्र्याचा पट्टा) खालून दाबून बघा. छताचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या तुंबल्या की ते सिलमध्ये मुरतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत आत चाळण झालेली असते. एमओटीचा (ब्रिटनमधली सक्तीची वार्षिक तपासणी) इतिहास सरकारी साइटवर फुकट आहे, त्यात 'corrosion' म्हणजे गंजाचे शेरे शोधा.

उत्तर २: क्रँकची (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) पुढची पुली बघा. तिच्यावर ४ खाचा म्हणजे आखूड नाकाचा, म्हणजे पुढचं टोक आखूड असलेला क्रँक. त्याचा पुलीचा बोल्ट सैल राहिला की पुली जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची (key) खाच झिजते आणि टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, सरकतं. ८ खाचा असतील तर ही धास्ती नाही.

उत्तर ३: टायमिंग बेल्ट (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) बदलल्याची पावती मागा. थंड इंजिनची टिकटिक बहुधा लिफ्टरची (व्हॉल्व्ह उचलणारा भाग), घाबरू नका.