अॅडेनोसिन रिसेप्टरवर औषधं शोधायचा नाद सोडावा का?

खानापूरचा मेडिकलवाला:
गेल्या आठवड्यात आमच्या काकूची धडधड एकदम १८० वर गेली म्हणून बेळगावला पळवलं. डॉक्टरनी कोपराच्या शिरेत अॅडेनोसिन, म्हणजे आपल्या शरीरातही तयार होणारं एक रसायन, ६ मिलिग्रॅम झटक्यात सोडलं आणि पाठोपाठ सलाईन ढकललं, कारण ते रक्तात दहा सेकंदसुद्धा टिकत नाही. मॉनिटरची रेघ दोन-तीन सेकंद सपाट, काकूनं माझा हात गच्च धरला, छाती आवळली म्हणाली, आणि मग ठोके ८८. अॅडेनोसिन पेशीवर जिथं चिकटतं तो रिसेप्टर, हृदयातला ए-वन, चालू झाला की एव्ही नोडमधला, म्हणजे हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या वाटेतला, करंट क्षणभर अडतो, तेवढ्यात धडधड चालू ठेवणारं गोल फिरणारं सर्किट तुटतं. हे मी डोळ्यानं बघितलंय, तरी माझं मत असं की औषधाचं टार्गेट म्हणून हे रिसेप्टर अवघडच. १९२९ ला ड्रुरी आणि सेंट-ग्योर्गी यांनी अॅडेनोसिनचा हृदयावरचा परिणाम दाखवला, त्यानंतर हातात किती औषधं आली? ए-वन, ए-टू-ए, ए-टू-बी, ए-थ्री असे याचे चार प्रकार, मेंदूपासून किडनीपर्यंत सगळीकडं बसलेत, एकावर नेम धरला की दुसरीकडं लागतो. ए-वन अडवणारं रोलोफिलीन हार्ट फेल्युअरमध्ये किडनी वाचवेल म्हणून मोठी ट्रायल झाली, फायदा नाही, वर काहीजणांना फिट्स.

शहापूरची ताई:
काकू बऱ्या झाल्या हे वाचून जीवात जीव आला. पण दादा, तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय बघा की. अॅडेनोसिन लगेच संपतं हाच तिथं फायदा, काम झालं की बाजूला. आणि पार्किन्सनचं का सोडलं? मेंदूच्या ज्या भागातून हालचाली चालतात तिथं ए-टू-ए आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा डी-टू रिसेप्टर एकाच पेशीवर बसून उलट्या दिशेला ओढतात, पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी झालं की ए-टू-एचा ब्रेक लागूनच राहतो. तो ब्रेक सोडवणारं इस्ट्राडेफिलीन जपाननं २०१३ ला मान्य केलं, अमेरिकेनं २०१९ ला. नेम धरता येतो, वेळ लागतो.

निपाणीकर:
मी मेडिकलवाल्यांच्या बाजूनं. आईनं तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलं, आता दम्याला थिओफिलीन. ते कॅफिनचं सख्खं भावंड, रिसेप्टर निवडत नाही, मिळेल तो अडवतं. दम मोकळा होतो खरा, पण हात थरथरतात आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पहाटे तीनला उठून चुलीपाशी बसलेली असते. हे बघवत नाही ओ.

शहापूरची ताई:
आईचं वाचून वाईट वाटलं, डोस जास्त होत नाही ना ते रक्त तपासून बघायला सांगा डॉक्टरना. पण थिओफिलीन फक्त अॅडेनोसिनच अडवत नाही, फॉस्फोडायएस्टरेज एन्झाइमही दाबतं, सगळा दोष रिसेप्टरवर नको. माझ्या बहिणीचं बाळ ३० आठवड्यांतच जन्मलं, मधेच श्वास थांबायचा, नर्स तळपायावर टिचकी मारायची. कॅफिन सुरू केल्यावर ते थांबणं कमी होत गेलं. तेच न निवडणारं कॅफिन!

खानापूरचा मेडिकलवाला:
बाळापुढं माझं काही म्हणणं नाही, देव त्याला सुखी ठेवो. पण मग हे सांगा, काकांची अॅडेनोसिन देऊन करायची हृदयाची स्ट्रेस टेस्ट सकाळी अर्धा कप चहा घेतला म्हणून पुढं ढकलली, कारण कॅफिन आधीच रिसेप्टर अडवून बसतं. आमच्याकडं दिवसाला पाच-सहा कप चहा घेणारी माणसं आहेत, त्यांच्यावर या रिसेप्टरचं रोजचं औषध कसं बसवायचं?