घरी केलेल्या पेडलबोर्डला पॉवरचं सॉकेट बसवायचं आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी पुण्यात गिटार वाजवतो. लग्नाचे, गणपतीचे कार्यक्रम असतात. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या सुतारकाकांकडून पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची पेडल ठेवायची फळी, करून घेतला. 12 मिलिमीटरचा प्लाय, 60 बाय 35 सेंटिमीटर, मागची बाजू 8 सेंटिमीटर उचललेली. वर ट्यूनर, वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि रिव्हर्ब. खाली आठ आउटपुटचा पॉवर सप्लाय वेल्क्रोने चिकटवलाय. तो 18 व्होल्ट 2 अँपिअरच्या दोन पिनी ॲडॉप्टरवर चालतो.

गेल्या गणपतीत एका मांडवात वाजवत होतो. ॲडॉप्टरची वायर जेमतेम दीड मीटर, त्यामुळे एक्स्टेंशन बोर्ड अगदी पायाशी आणून ठेवला होता. गाण्याच्या मध्यावर कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, हिसका बसला आणि सगळा आवाज बंद. ट्यूनर बफरवाला असल्यामुळे पॉवर गेली की त्यातून सिग्नल पुढे जातच नाही. गिटार थेट ॲम्पला लावून कार्यक्रम पुरा केला. घरी सप्लाय उघडला तर आतला डीसी जॅक पीसीबीवरून, म्हणजे सर्किटच्या पाटीवरून, उखडलेला. पुन्हा सोल्डर केलाय, पण पाटीवरची तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, उचलला गेलाय. आणखी एक हिसका तो सोसणार नाही.

म्हणून बोर्डच्या मागच्या फळीत पक्कं सॉकेट बसवायचं आहे. बाहेरून कितीही ओढ बसली तरी ती फळीने सोसावी, सप्लायपर्यंत पोचू नये. दोन मार्ग दिसतात. एक, ॲडॉप्टर बोर्डखालीच कायमचा बसवायचा आणि मागे कम्प्युटरला असतं तसं तीन पिनांचं 230 व्होल्टचं सॉकेट द्यायचं. दुसरा, ॲडॉप्टर बाहेरच ठेवायचा आणि फळीत फक्त 18 व्होल्टचा डीसी जॅक बसवायचा. सोल्डरिंग मला जमतं, केबल्स मी स्वतःच करतो. 230 व्होल्टला मात्र आजवर हात लावलेला नाही आणि त्याची भीती वाटते. शिवाय बाजारातली सॉकेटं पातळ पत्र्यासाठी असतात, 12 मिलिमीटरच्या प्लायमध्ये ती बसवायची कशी? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

मी पहिला मार्ग घेतला आणि पाच वर्षं विनातक्रार वापरतोय. मोठं कारण म्हणजे वायर. ही वायर, म्हणजे सी-13, कम्प्युटरला, मॉनिटरला, बहुतेक ॲम्पना लागते. घरी विसरलात तर कीबोर्डवाल्याकडे नाहीतर साउंडवाल्याकडे जादा निघतेच. 18 व्होल्टचा ॲडॉप्टर विसरलात तर त्या रात्री काही मिळत नाही.

प्लायमध्ये सॉकेटपेक्षा मोठी चौकोनी खिडकी कापा, त्यावर बाहेरून 2 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवा आणि सॉकेट त्या पट्टीत. खटक्याने बसणारं घेऊ नका, दोन स्क्रूचं घ्या, त्यांची भोकं 40 मिलिमीटर अंतरावर असतात. फ्यूज आणि स्विच एकत्र असलेलं मिळतं, तेच घ्या. तुमचा ॲडॉप्टर 36 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टवर पाव अँपिअरच्या आतच. 1 अँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज पुरे. सॉकेट 10 अँपिअरचं असतं म्हणून फ्यूजही 10 चा टाकू नका.

आता महत्त्वाचं. पट्टी धातूची असल्यामुळे तिला अर्थिंग हवंच. अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सॉकेटच्या अर्थ पिनेवरून पट्टीला रिंगच्या लगने (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर लावून घट्ट करा. फेज आणि न्यूट्रलच्या लगवर इन्सुलेशनच्या टोप्या चढवा. सॉकेटची मागची बाजू आणि ॲडॉप्टर ज्यात खोचणार तो पॉइंट, दोन्ही प्लास्टिकच्या बंद डब्यात गेले पाहिजेत. बोर्ड उलटा करून पेडल बदलताना 230 व्होल्टला बोट लागेल अशी एकही जागा उघडी नको. जोडणी वायरमनकडून करून घ्या. तुमची भीती योग्य आहे, ती सोडू नका.

प्रतिसाद २

मी डीसी जॅकवाला. 18 व्होल्टने जीव जात नाही, त्यामुळे शिकाऊ माणसाला मी हाच मार्ग सुचवतो. पण एक फसगत आहे, तिच्यात माझा एक सप्लाय गेला. धातूच्या जॅकमध्ये बाहेरचा संपर्क जॅकच्या अंगाला जोडलेला असतो. गिटारच्या सामानात बहुधा मधली पिन निगेटिव्ह, म्हणजे बाहेरची बाजू पॉझिटिव्ह. असा जॅक धातूच्या पट्टीत बसवला की सगळी पट्टीच पॉझिटिव्ह होते. त्याच पट्टीत गिटारच्या केबलचा जॅक असेल तर त्याचं अंग ग्राउंडला, म्हणजे थेट शॉर्ट. प्लास्टिकच्या अंगाचा जॅक घ्या आणि ॲडॉप्टरवरचं पोलॅरिटीचं चिन्ह बघूनच वायर जोडा.

साधा डीसी जॅक हिसक्याने निसटतो, हेही खरं. फिरवून घट्ट होणारं एव्हिएशन कनेक्टर दुकानात मिळतं, ते बरं. एक्सएलआर, म्हणजे माईकच्या केबलला असतं ते कनेक्टर, मात्र पॉवरसाठी वापरू नका. स्टेजवर घाईत कुणीतरी त्यात माईकची केबल लावणारच.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डीसी जॅक कितीही पक्का केला तरी जड ॲडॉप्टर मांडवातल्या ढिल्या एक्स्टेंशन बोर्डातून लोंबतच राहणार, म्हणून पहिला मार्ग ठरवतोय. एक शंका आहे. पट्टीला अर्थिंग दिल्यावर पेडलचा ग्राउंडही तिलाच जोडायचा का?

प्रतिसाद १

नाही. पेडलना ग्राउंड गिटारच्या केबलमधून ॲम्पकडून मिळतो आणि ॲम्प स्वतः अर्थ केलेला असतो. बोर्डवर दुसरा रस्ता दिलात तर लूप तयार होऊन घरघर येईल. आणि कधी घरघर आलीच, तर कोणी कितीही सांगितलं तरी वायरीची अर्थिंगची पिन कापू नका. मांडवात जनरेटरवर माईकला ओठ लागल्यावर चटका बसलेले गायक मी पाहिलेत. ते अर्थिंगच तुम्हाला वाचवतं.

धागाकर्ता

काम झालं, म्हणून कळवतोय. तापकीर गल्लीत सामान घेतलं. पहिल्या दुकानात चुकीचं सॉकेट हातात आलं होतं, यूपीएसच्या मागे असतं ते, भोकांचं. ते बसवलं असतं तर वायरीच्या टोकाला उघड्या पिना लागल्या असत्या आणि वायर बोर्डमधून निघाली की त्या पिनांत 230 व्होल्ट. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बोर्डवर पिनांचं, वायरीला भोकांचं.

खिडकी सुतारकाकांनी कापली, पट्टीला कानस मी मारली, जोडणी शेजारच्या वायरमनकाकांनी केली. वायर लावण्याआधी त्यांनी मल्टिमीटरवर अर्थ पिन ते पट्टी तपासली, मग फेज ते पट्टी आणि न्यूट्रल ते पट्टी. पहिल्यात बीप, उरलेल्या दोन्हींत काही नाही.

एक अडचण आली. ॲडॉप्टर वाहच्या बरोबर खाली गेला होता आणि वाह चालू केली की बारीक शिट्टी ऐकू यायची. वाहच्या आतल्या कॉइलमध्ये ते येत असावं. ॲडॉप्टर दुसऱ्या टोकाला, रिव्हर्बखाली सरकवला आणि शिट्टी गेली. काल तालमीत मुद्दाम वायरीला पायाने दोनदा हिसका दिला. वायर निघून आली, पट्टी आणि सप्लाय जागचे हलले नाहीत. पुन्हा खोचली, ट्यूनरचा दिवा लागला आणि आम्ही पुढचं गाणं घेतलं.