मुलांवर हात उगारायला कायद्याने बंदी असावी का? घरातसुद्धा?

सरळमार्गी

विषय मुद्दाम अरुंद ठेवतोय. मारल्याने मूल सुधारतं की बिघडतं यावर आधीच पुष्कळ हमरीतुमरी झालेली आहे. मला विचारायचंय ते एवढंच: आईवडिलांनी मुलावर हात उगारू नये, असं कायद्याने म्हणावं का?

माझं उत्तर 'हो'. कायदा या बाबतीत गप्प आहे असं आपण धरून चालतो, पण बऱ्याच देशांत तो गप्प नाही. तो मारणाऱ्याच्या बाजूने बोलून मोकळा झालाय. इंग्लंडचंच बघा. १८६० साली एका शिक्षकाने विद्यार्थ्याला इतकं बडवलं की पोरगा मेला. शिक्षक दोषी ठरला, पण त्याच खटल्यात न्यायमूर्ती कॉकबर्न सांगून गेले की 'मर्यादित आणि रास्त' शिक्षा करण्याचा अधिकार पालकाला आणि शिक्षकाला आहेच. म्हणजे मूल मेलं आणि मागे मारणाऱ्यांसाठी बचाव उरला. तो 'रास्त शिक्षे'चा बचाव इंग्लंडमध्ये पालकांना आजही मिळतो. स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये तो काढून टाकला.

एकेकाळी नवऱ्याला बायकोवर आणि मालकाला नोकरावर असाच 'मर्यादित' हात चालवायची मुभा होती. त्या सवलती गेल्या. सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला मारायची सवलत तेवढी राहिली. बंदी म्हणजे ही सवलत काढून घेणं. त्यात नवीन काही नाही.

शंकेखोर

तत्त्व म्हणून ऐकायला छान. व्यवहारात काय होतं ते बघू.

न्यूझीलंडने २००७ मध्ये बंदी आणली. २००९ मध्ये लोकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवलं. मत देणाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांहून जास्त लोक बंदीच्या विरोधात गेले. सरकारने काय केलं? काही नाही. सार्वमत बंधनकारक नव्हतं, कायदा तसाच राहिला. लोक काय म्हणतात हे ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला?

दुसरं. मोठ्या बंगल्यातला मार रस्त्यावर ऐकू येत नाही. पातळ भिंतींच्या दोन खोल्यांतला येतो. तक्रार कोणाची होणार हे सांगायला ज्योतिषी नको. गरीब, बाहेरून आलेले, एकटीने मूल वाढवणाऱ्या बाया. तुमचा सगळ्यांना समान असलेला कायदा नेमका याच दारांवर थाप मारेल.

वकिली बाणा

सार्वमताचा प्रश्न काय होता तेही लिहा की शंकेखोर. 'चांगल्या पालकत्वाचा भाग म्हणून दिलेली चापट गुन्हा ठरावी का?' चांगल्या म्हटल्यावर पुढे कोण 'हो' म्हणणार? शिवाय किरकोळ प्रकरणात, सार्वजनिक हित नसेल तर खटला न भरण्याची मुभा पोलिसांना आहे, हे त्याच कायद्यात लिहिलंय.

मुळात 'बंदी' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बेड्या येतात. स्वीडनने १९७९ साली पहिल्यांदा ही बंदी आणली ती फौजदारी कायद्यात नाही, पालकत्वाच्या कायद्यात. त्या कलमाला शिक्षाच जोडलेली नाही. मारहाणीचा गुन्हा वेगळा, तो आधीपासून होताच. सरकारने घरोघरी माहितीपुस्तिका वाटली आणि दुधाच्या खोक्यांवर मजकूर छापला. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त कुटुंबांना कायदा ठाऊक झाला होता. जर्मनीने २००० साली मुलाला 'हिंसामुक्त संगोपनाचा हक्क' दिला, तोही दिवाणी संहितेत. मुलांवर हिंसा करू नये असं फ्रान्सच्या कायद्यातलं २०१९ चं वाक्य तर नोंदणी विवाहाच्या वेळी अधिकारी वधूवरांना वाचून दाखवतो. मला हे फार आवडतं. पोर व्हायच्या आधीच बजावून ठेवलेलं बरं.

आता बंदी न घालणाऱ्यांची गंमत बघा. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये पालकांचा अधिकार कायम ठेवला. मग मर्यादा आखणं आलं. दोन वर्षांखालच्या मुलाला मारायचं नाही. बारा-तेराच्या पुढे नाही. वस्तूने नाही. डोक्यावर, तोंडावर नाही. रागाच्या भरात नाही. देशातल्या सर्वोच्च न्यायाधीशांवर मारायच्या जागा ठरवायची वेळ आली.

अर्धविराम

भारतात काय आहे? शाळेत बंदी आहे एवढं माहीत आहे.

वकिली बाणा

शाळेत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई. घराबाबत अशी स्पष्ट बंदी नाही. उलट जुन्या दंडसंहितेतलं कलम ८९ आता भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून आलंय. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने पालकाने केलेली कृती गुन्हा नाही, असा त्याचा गाभा. त्याला मर्यादा आहेत, पण 'त्याच्या भल्यासाठीच मारलं' म्हणणाऱ्याला दार उघडं राहतं. नेपाळने २०१८ मध्ये घरातल्या मारावरही बंदी घातली.

ताळेबंद

मी बंदीच्या विरोधात आहे, पण शंकेखोरांच्या कारणाने नाही. माझा आक्षेप पुराव्याला आहे.

बंदीवाले २०१६ चं गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांचं विश्लेषण पुढे करतात. ७५ अभ्यास, सुमारे १ लाख ६० हजार मुलं. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकपणा, मानसिक त्रास, आईवडिलांशी बिघडलेलं नातं, सगळं जास्त. ठीक. पण कशामुळे काय? हूड मुलाला मार जास्त बसतो, हेही तितकंच खरं असू शकतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लार्झेलेर वर्षानुवर्षं हेच सांगतायत: त्याच मोजपट्टीने मोजलं तर ओरडणं, खोलीत बसवणं, सवलत काढून घेणं यांचाही वाईट वागणुकीशी संबंध दिसतो, कारण या सगळ्या गोष्टी त्रास देणाऱ्या मुलांच्याच वाट्याला येतात. कायदा करायचा तर पुरावा याहून पक्का हवा.

सरळमार्गी

ताळेबंद, आक्षेप रास्त आहे म्हणून नीट उत्तर देतो.

सुरुवातीची वागणूक लक्षात घेऊन त्याच मुलांचा पुढे काही वर्षं मागोवा घेणारे अभ्यासही आहेत. त्यात संबंध क्षीण होतो, पण पुसला जात नाही. आणि एक छोटा पण नेमका प्रयोग १९८३ चा, डे आणि रॉबर्ट्स यांचा. मुलाला शांत बसायला सांगितलं, ते उठून पळालं, तर काय करायचं? काही आयांना ढुंगणावर चापट द्यायला शिकवलं, काहींना मूल बाहेर येणार नाही असा अडसर लावायला. दोन्ही उपाय सारखेच लागू पडले. म्हणजे चापटीने काम होतं, हे कबूल. पण तिच्याशिवायही तेवढंच होतं.

तरी माझा मुद्दा पुराव्यावर टेकलेला नाहीच. बायकोला मारणं बेकायदा ठरवताना तिच्यावर वीस वर्षांनी काय परिणाम होतो याचा तक्ता कोणी मागितला होता? मुलाच्या बाबतीतच तो का लागतो?

ताळेबंद

कारण बायको सज्ञान आहे. तिला नवऱ्याने वळण लावायचं नसतं. मुलाला लावायचं असतं, आणि ती जबाबदारी कायद्यानेच तुमच्यावर टाकलेली आहे. मुलाला न विचारता औषध पाजता, हात धरून रस्त्यावरून ओढून आणता. मोठ्या माणसाशी असं वागलात तर तोही गुन्हा. मग बरोबरी फक्त चापटीपुरती का?

सरळमार्गी

ओढून आणणं हे वाचवायला असतं, मारणं दुखवायला. न्यूझीलंडच्या कायद्यात हा फरक लेखी आहे: इजा टाळण्यासाठी, अंगावर धावून जाणाऱ्या मुलाला आवरण्यासाठी बळ वापरता येतं. सुधारण्यासाठी वापरता येत नाही.

उंबरठा

तुमची कलमं वाचून झाली. आता माझं ऐका. दोन मुलं, नवरा रात्रपाळीला, मी दिवसभर कामावर. मारते का? कधी कधी, हो. मारल्यावर बरं वाटतं का? अजिबात नाही. पण मला कायद्याची भीती घालून नेमकं काय बदलणार?

स्वीडनचं कौतुक सगळे करतात. त्यांनी १९७४ मध्येच आई आणि बाप दोघांना बाळासाठी पगारी रजा दिली होती, हे कोणी लिहिलं नाही. आधी पालकाला श्वास घ्यायला जागा दिली, पाच वर्षांनी हात आवर म्हणून सांगितलं. बाकीचे देश रजा विसरले आणि शेवटचं वाक्य तेवढं उचललं. २०२४ च्या युनिसेफच्या अंदाजाप्रमाणे जगात पाच वर्षांखालची सुमारे ४० कोटी मुलं, म्हणजे दहातली सहा, घरात मार किंवा अपमान सोसतात. एवढे सगळे आईबाप राक्षस आहेत का? थकलेले आहेत हो.

शंकेखोर

ताई, हेच मी मघापासून म्हणतोय, फक्त तुम्ही चांगलं म्हणालात.

सरळमार्गी

उंबरठा ताई, रजा, पाळणाघर, सल्ला देणारं माणूस, हे सगळं आधी मिळालं तर उत्तमच. पण त्याची वाट बघायची तर किती वर्षं? टोगोने २००७ मध्ये आणि केनियाने २०१० मध्ये, राज्यघटनेतूनच, बंदी घातली. तिथल्या आईबापांच्या हाताशी स्वीडनची तिजोरी नव्हती. थकवा खरा आहे. पण थकलेला माणूस ऑफिसात साहेबाला मारत नाही. घरी येऊन मारतो, कारण तिथे मारलेलं खपतं.

उंबरठा

साहेब परत मारेल म्हणून मारत नाही. कायद्यामुळे नव्हे. आणि 'मारतो' काय? इथे मारणारी मी आहे, मारतो म्हणणारे सगळे तुम्ही.

काठावरचा

दोन्हीकडचं पटतंय. वाचतोय, चालू द्या.

शंकेखोर

एक सरळ प्रश्न, वकीलसाहेब. बंदी आली. शेजारच्या घरात मूल रडतंय, चापटीचा आवाज आला. मी फोन फिरवायचा का? आणि फिरवला तर उंबरठा ताईंचं काय होणार?

वकिली बाणा

वेल्सचं उदाहरण देतो, तिथली व्यवस्था मला सगळ्यात समंजस वाटते. तक्रार आली तर पोलीस चौकशी करतात. प्रकार किरकोळ असेल तर खटल्याऐवजी पालकाला मदतीचा पर्याय देता येतो. मुलाच्या वागण्याला कसं सामोरं जायचं हे शिकवणारा माणूस भेटतो, तोही फुकट. मारहाण गंभीर असेल तर अर्थातच खटला.

शंकेखोर

आणि ताईंनी मदत नको म्हटलं तर?

वकिली बाणा

तर प्रकरण पुन्हा पोलिसांकडे. पुढे काय करायचं ते पोलीस ठरवतील, शेजाऱ्याला थोबाडीत मारली असती तर ठरवलं असतं तसंच.

उंबरठा

म्हणजे मदत घ्यायची ती पोलिसांच्या हातून. तो शिकवणारा माणूस आत्ता, तक्रारीआधी पाठवायला कुठला कायदा आडवा येतो, तेवढं सांगा.